पुढच्या बैठकीचा मान

मोटारीतलं मला कळतं असं मी म्हणते, तेव्हा आमच्या घरातली पुरुषमंडळी मिशीतल्या मिशीत हसतात. हसू देत बापडे. चंबळेच्या उतारावरून आमची गाडी सुखरूप उतरली ती माझ्या डोक्यामुळे, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

युरोपातली लढाई पेटायच्या आधीची गोष्ट. माझं माहेर देवासचं, सासर धारचं, आणि दोन्ही घरं संस्थानी चाकरीतली. सासरे कचेरीत मानाच्या जागेवर होते. मुलानेही तिथेच बसावं अशी त्यांची इच्छा, पण मुलगा मोटार शिकून आला आणि संस्थानच्या मोटारखान्यात लागला. तेलात बरबटलेले हात घेऊन तो जेवायला आला की मामंजींचं डोकं फिरायचं. आमचं लग्न देवासला झालं, आणि नवी सून आणायला संस्थानने मोटार दिली. चालवणार अर्थातच नवरदेव. निघताना मामंजींनी सगळ्यांदेखत बजावलं, "ही खेप नीट पार पडली तर तुझी मोटार तुला लखलाभ. नाहीतर सोमवारपासून कचेरीत माझ्याशेजारी."

लग्नात खाली मान घालून बसलेला हा माणूस मोटारीपाशी आला आणि एकदम मोकळा झाला. चाकांवर हात फिरवला, कुठेसा कान लावून ऐकलं, स्वतःशीच हसला. मला तो तिथेच आवडला. अशा माणसाला कचेरीत डांबलं तर तो वाळून जाईल, हे कळायला फार दिवसांचा संसार लागत नाही.

आता बसण्याची गंमत ऐका. आमच्या लोकांत कुठेही बसायचं तर आधी मान बघायचा. मागची मऊ बैठक मानाची, म्हणून तिथे मामंजी, सासूबाई आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण. घरातला शब्द त्यांचा आणि देहही तसाच भरभक्कम. त्यांच्या मांडीवर कुलदेवतेच्या टाकांची पेटी, कारण देव दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. मी त्यांच्या पायांशी खाली. माहेरच्या पितळी भांड्यांची अवजड ट्रंक मोटारीच्या पाठीला दोरांनी आवळलेली. आणि पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी कोण? तर घरचा गडी, वाळक्या शेंगेसारखा. ती जागा चाकराची, तिथे दुसरं कोण बसणार!

इंदूरपर्यंत रस्ता सरळ, तोवर सगळं ठीक होतं. बेटमा मागे पडलं आणि एका वळणावर मुरूम लागला. ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं, ते पुरतं फिरलेलं मला खालून दिसलं, पण मोटार वळेना. ती आपली सरळ शेताकडे निघाली. मग एकाएकी वळली आणि तिची पाठ बाहेरच्या अंगाला अशी झोकली गेली की सासूबाई माझ्या अंगावर आल्या. चिखलाच्या कडेला जाऊन गाडी थांबली. कुणाला लागलं नाही.

काय झालं ते मला लख्ख कळलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर दमणीतून हाटपिपल्याला नरसिंहाच्या दर्शनाला जायची. मागे माणसं जास्त झाली की बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जायचं, आणि गाडीवान ओरडायचा, "बई, जरा आगे सरको, गाड़ी उलार हुई री हे!" मी पुढे सरकले की जू खाली बसायचं. मोटारीला बैल नाहीत, पण पुढची चाकं तिचे बैलच की. त्यांच्यावर भार नसेल तर ती नुसती वळतात, जमीन धरत नाहीत. आणि मागे सगळं ओझं लादलं की पाठ एकदा झोकली ती आवरत नाही.

ह्यांनाही ते ठाऊक होतं. खाली उतरून त्यांनी ट्रंक सोडायला घेतली आणि हळूच म्हणाले, "आत्या, तुम्ही जरा पुढे बसाल का? भार पुढे आला तर..."

"गड्याच्या जागेवर? माझी बहीण?" मामंजी कडाडले. "चालवता येत नाही म्हणून आता माणसं हलवतोस? पुढे चंबळेचा उतार आहे, वळणाचा. तिथे हेच करणार असशील तर आत्ताच सांग. मी बैलगाडी बघतो आणि तू सोमवारी कचेरीत ये."

ह्यांचा हात ट्रंकेच्या दोराशी तसाच राहिला. मला भयंकर राग आला. मामंजींचा आला, आमच्या त्या मानापमानाचा आला, आणि नव्या सुनेने तोंड उघडायचं नसतं ह्याचा तर सगळ्यात जास्त आला. पण नव्या सुनेला एका विषयावर बोलायला मुभा असते, तो म्हणजे देवधर्म.

मी पदर सावरला आणि म्हटलं, "आत्याबाई, आमच्या माहेरी देव निघाले की सगळ्यांच्या पुढे असतात. इथे देव मागे आणि गडी पुढे, हे पाहून मनाला कसंसंच होतंय. मघाशी झालं ते त्यामुळेच तर नसेल?"

आत्याबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग भाच्याकडे पाहिलं, त्याच्या त्या दोरावरच्या हाताकडे. आणि गड्यावर खेकसल्या, "उतर रे खाली! देवांच्या पुढे बसून आलास इथवर, लाज नाही वाटली?"

मामंजी म्हणाले, "अगं, पेटी तेवढी पुढे दे."

"आणि देव कुणाच्या मांडीवर ठेवू? मोटारीच्या?" आत्याबाई पेटीसकट पुढे जाऊन बसल्या. ती बैठक करकरली आणि मोटारीचं नाक चांगलंच खाली गेलं. मी मागे त्यांच्या जागी आले, ट्रंक माझ्या जुन्या जागी, चाकांच्या मधोमध खाली, आणि गडी पायरीवर उभा राहिला.

चंबळेचा उतार आला. मामंजींनी दाराची कड घट्ट धरली होती. ह्यांनी वळणाच्या आधीच गाडी हळू केली, स्टिअरिंग फिरवलं, आणि मोटार वळली. नुसती वळली, ह्यांनी जिथे सांगितलं तिथून. खाली नदीपाशी पोचेपर्यंत मामंजींचा हात दारावरून सुटला होता.

धारला दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. उतरता उतरता आत्याबाई भावाला म्हणाल्या, "सोमवारी पोरगा मोटारखान्यात जाईल. देवांना त्याचं चालवणं पसंत पडलं." मामंजींनी फक्त मान डोलावली.

मग आत्याबाईंनी पेटी माझ्या हातात ठेवली. मी दोन्ही हातांनी सावरून धरायला गेले, तर ती अगदीच हलकी.

"बघितलंस?" त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या. "देवांचं काही वजन नसतं गं. जड मीच आहे, ते मला कळतं."