आईच्या चौदा कॅसेटी

डिचोलीच्या बसस्टँडवर आईने माझा हात धरला होता. कोणी पाहील म्हणून मी तो हळूच सोडवून घेतला. खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ तिच्या साडीवर बसत होती. "पावलें काय पत्र घाल गो," ती म्हणाली. "मराठींत घाल. इंग्लीश माका कोण वाचून दितलो?" इंग्लंडला पोचताच लिहीन, अशी मी मान हलवली आणि पणजीच्या बसमध्ये चढले.

पत्रं मी इंग्रजीतच लिहिली. तेव्हा गोव्यात कोंकणी की मराठी यावरून घराघरांत वाद होते. आमच्याकडे बोलणं कोंकणीत, लिहिणं मराठीत, आणि माझ्या इंग्रजी शाळेने मला यांतलं काहीच लिहायला शिकवलं नव्हतं. शेजारचे मास्तर माझी पत्रं वाचून आईला अर्थ सांगत. मास्तर वाचणार हे धरूनच मी लिहायची. हवा, जेवण, अभ्यास. एकटं वाटतं, हे कधीच नाही.

अभ्यास म्हणजे मोठी माणसं दुसरी भाषा कशी शिकतात याचं संशोधन. इंग्लंडमधल्या विद्यापीठात मला टिकायचं होतं आणि त्यासाठी शिकणाऱ्या एका माणसाची दीर्घ नोंद हवी होती. मी आईला निवडलं. दर मे महिन्यात घरी यायचं, स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि तिला इंग्रजीत बोलतं करायचं. ती नवी साडी नेसून बसे. "माका पास करतलें मगो?" असं विचारून स्वतःच हसे. तिला माझी पत्रं मास्तरांशिवाय वाचायची होती. ते मला कळत होतं. मी तिला इंग्रजी वाचायला शिकवलं नाही. संशोधन बोलण्याचं होतं.

नियम एकच होता. शिकणारी व्यक्ती स्वतःच्या भाषेत बोलू लागली की टेप थांबवायची. आई सारखी कोंकणीत घसरायची. चोपड्याला तिच्या माहेरी नदीवर होडीची वाट पाहायची, ते सांगू लागायची. मी बटण दाबायची. "बंद केलें?" ती विचारायची.

निबंध छापून आला. त्यात आईचं नाव नाही, एक अक्षर आहे. तिच्या चुका, तिचे थांबे, सगळं मोजलेलं आहे. त्यावर मला तीन वर्षांची नोकरी मिळाली. पुढे ती वाढवली नाही. एकाच व्यक्तीचा अभ्यास अपुरा आहे, असं कळवण्यात आलं. त्याच हिवाळ्यात आई गेली. मी पोचले तेव्हा दहावा दिवस होता. मास्तरांनी माझ्या पत्रांचा गठ्ठा परत दिला.

मराठी लिहायला मी त्यानंतर शिकले. आता वाचायला ती नाही.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुमच्याकडे आपल्या माणसांचा आवाज असेल. माझ्यासारखे जे दूर गेलात, तुम्हीही निदान काहीतरी जपलं असेल. माझ्याकडे चौदा कॅसेटी आहेत. त्यांत आई अडखळत म्हणते, "My daughter is teacher. She going far." मग श्वास घेते, "आनी मागीर—", म्हणजे 'आणि नंतर', असं म्हणते, आणि बटणाचा खट्ट आवाज येतो.

पुढे ती काय म्हणाली ते मला आठवत नाही. मी घड्याळाकडे पाहत होते. घर म्हटलं की मी ती टेप मागे घेते आणि त्या खट्ट आवाजाशी येऊन थांबते.