मुलाखतीत सांगितलेला बाप

थळच्या कोळीवाड्यातल्या रतनची रुचिता शाळेपासून हुशार. होडी धक्क्याला लागली की रतन मासळी बायकोच्या, कोकिळाच्या, हवाली करायचा आणि ओल्या कपड्यांनीच लेकीला मोटारसायकलवरून अलिबागच्या कॉलेजात सोडायचा. पोरीने पुढं शिकावं, ही त्याचीच हौस.

रुचिताला समुद्री जीवांवर एमएस्सी करायची होती, स्कॉटलंडमध्ये. एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या शेवटच्या फेरीत तिची ऑनलाइन मुलाखत होती. याच शिष्यवृत्तीवर आधी गेलेल्या एका मुलीने बजावलं होतं, "नुसते मार्क सगळ्यांकडेच असतात. काहीतरी सोसलेलं सांग."

मुलाखत घेणाऱ्यांतल्या एका बाईंनी मायेने विचारलं, "घरून विरोध झाला असेल ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रुचिता हो म्हणून गेली. मग एकातून एक निघत गेलं. वडिलांना मुलीचं शिक्षण नको होतं, त्यांनी पुस्तकं खाडीत फेकली, असंही ती बोलली. बाईंचे डोळे भरून आले.

शिष्यवृत्ती मिळाली. संस्थेने निवडलेल्या मुलांचे छोटे व्हिडिओ करायला घेतले, तेव्हा तिला तेच पुन्हा सांगावं लागलं. परदेशातले लोक बघतील, आपल्याकडं कोण बघतंय, अशी तिने मनाची समजूत घातली. पण व्हिडिओ खाली उमटणाऱ्या मराठी अक्षरांसकट गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला.

धक्क्यावर शेजारच्या होडीवरच्या कमलेशने रतनला हटकलं, "काय रे, पोरीची पुस्तकं खाडीत टाकलीस म्हनं?"

रतनला थट्टा वाटली, तो हसला. कमलेशने मोबाइल त्याच्या हातात दिला. रतनने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत केला आणि जाळं शिवायला बसला.

घरी कोकिळाने विचारलं, "यांनी कधी फेकली गं तुझी पुस्तकं?"

"आई, तिथं तसं बोलावं लागतं."

"बापाबद्दल?"

रतन जेवता जेवता म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. मिळाली ना तिला शिष्यवृत्ती." तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिने संस्थेत फोन लावला. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या मृणाल मॅडमना म्हणाली, "माझ्या वडिलांबद्दल मी बोलले ते सगळं खोटं आहे."

मॅडम म्हणाल्या, "व्हिडिओ काढून टाकते. पण हे मला समितीला सांगावं लागेल."

निर्णय येईपर्यंत बॅग अर्धी भरून पडली होती. शेवटी समितीने कडक समज दिली आणि तिच्या अभ्यासाकडं बघून शिष्यवृत्ती कायम ठेवली. रुचिताने घरी सांगितलं, पण पेढे आणले नाहीत.

निघण्याआधी कोळी समाजाने तिचा सत्कार ठेवला. माइक हातात आल्यावर ती म्हणाली, "बाबांनी मला कधीच अडवलं नाही. मी खोटं बोलले." तिने माइक खाली ठेवला. मागच्या रांगेतून रतन उठला आणि बाहेर गेला.

ती मागोमाग धावली. तो चपला शोधत होता.

"बाबा, रागावलात?"

"सगळ्यांसमोर कशाला बोललीस? मला हसत व्हते, हसू दे की. आता तुला खोटारडी म्हनतील." तिच्याकडं न बघताच तो बोलला. रुचिताला तिथं उभं राहवेना.

ती गेली, शिकली, परत आली. आता ती अलिबागला एका प्रकल्पात काम करते. माशांच्या विणीच्या हंगामाची माहिती घ्यायला तिला किनाऱ्यावरच्या सगळ्या धक्क्यांवर फिरावं लागतं. थळच्या धक्क्यावर अजून कुणीतरी तिच्या बापाला "ए बुकफेक्या" म्हणून हाक मारतं. रतन सवयीने ओ देतो. ती जवळ असली तर वहीत काहीतरी लिहीत राहते, हाक मारणारा निघून जाईपर्यंत.