खोकल्यानंतरचं वाक्य

बावीस वर्षं आम्ही दोघं स्टेजवर गंजेडी होतो. मालाडच्या एकाच चाळीतले मित्र. तो चिलीम भरायचा, मी ओढायचो आणि मग सरकारपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना शिव्या घालायचो. चिलमीत गांजा कधीच नव्हता, धूप असायचा. लोकांना ते पटत नाही. अजूनही लग्नात कुणीतरी कोपऱ्यात बोलावून पुडी दाखवतं. वैताग आहे नुसता.

आमचा हुकमी हशा म्हणजे माझा खोकला. मी डोळे पांढरे करून, पार वाकून खोकायचो. तो मनात पाच आकडे मोजायचा आणि शांतपणे म्हणायचा, "माल चांगलाय ना?" लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

गेल्या महिन्यात घाटकोपरला छातीच्या डॉक्टरकडे गेलो. माझी फाइल धरून तोही सोबत आला. बाकावर बसल्या बसल्या मला खोकल्याची उबळ आली. समोरच्या बाईने आम्हाला ओळखलं आणि ती हसायला लागली. मग तिचा नवरा हसला, मग रिसेप्शनवरची मुलगी. एकाने तर मोबाइल काढला. मला ओरडायचं होतं, अरे, हे खरंय रे! पण श्वासच पुरत नव्हता.

उबळ थांबली. आता सगळे त्याच्याकडे बघत होते, त्या वाक्यासाठी. सवयीने मीही मनात मोजायला लागलो. पाच झाले. दहा झाले.

तो नुसता माझी पाठ चोळत राहिला.