उसातली वाट

पुढं पुण्यात आम्रपाली खरातनं संगणकावरचे बरेच खेळ केले. खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या खोलीत कितीतरी वर्षं ती एकटीच बाई होती. पण पहिला खेळ तिनं सांगलीत केला, आणि तो भीतीतून केला.

तिला उसाची भीती वाटे. वाळवा तालुक्यातल्या तिच्या गावात शाळेची वाट उसातून जाई. ऊस डोक्यावर गेला की दोन पावलांपुढचं दिसत नसे. मधेच सळसळ व्हायची. वाऱ्याची, डुकराची की माणसाची, कळायचं नाही. ती पळत नसे. पळालं की आवाज होतो. ती थांबे, ऐके, मग एक पाऊल टाके.

१९९४ साली ती भाऊसो पाटलांच्या संगणक वर्गात शिकवत होती. भाऊसो फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गावाकडं ऊस, सांगलीत हा वर्ग. त्यांच्या जुन्या संगणकांच्या पोटात काही साठत नसे. जे काही लिहायचं ते फ्लॉपीवर. वर्ग सुटला की आम्रपाली आपला खेळ लिहीत बसे. काळ्या पडद्यावर हिरवा ऊस, उसात एक मुलगी. तिला घरी पोचवायचं. खेळणाऱ्याला ती उभी असेल तेवढाच चौकोन दिसे. बाकी सगळा अंधार.

"आमी खऱ्या बंदुका चालवल्या, आन् तू बटणं दाबायला लावतीस व्हय गं?" भाऊसो हसले. मग एकदा खेळायला बसले ते जेवायलाही उठेनात. पुण्याच्या कंपनीला त्यांनीच कळवलं. दसरा झाला की कंपनीचे हंबीरराव निकम कोल्हापूरला जाता जाता खेळ बघणार होते. आवडला तर नोकरी.

तिचे वडील जालिंदर मिरजेच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. "जमलं तर जा पुण्याला," ते म्हणाले. "न्हाईतर नर्सिंगला नाव घालू. बटणांवर कुणाचं पोट भरतंय?" रक्त पाहिलं की आम्रपालीच्या डोळ्यांपुढं अंधारी येई. हे तिनं वडिलांना कधी सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला बापलेक दोघं नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. खेळाची फ्लॉपी आणि तिची नक्कल गर्दीत हरवतील, या धास्तीनं तिनं दोन्ही एकाच डबीत घालून वर्गाच्या कपाटात ठेवल्या.

परतल्यावर ती थेट वर्गात आली. हंबीरराव दुपारी यायचे होते. प्रत्येक संगणकावर झेंडूचं फूल होतं, काचेवर कुंकवाचं बोट. भाऊसोंच्या आई शालूबाई जमिनीवर बसून वाती वळत होत्या.

"खंडेनवमीला समदी हत्यारं पुजली बघ," त्या कौतुकानं म्हणाल्या. "ट्रॅक्टर, मोटर, ही डबडी. तुजंबी पुजलं. भाऊसो म्हनला, पोरीचं हत्यार कपाटातल्या डबीत हाय."

आम्रपालीनं डबी उघडली. फ्लॉप्या ओलसर होत्या.

"आजी, धुतल्या?"

"मग? न धुता पुजत्यात व्हय हत्यार? ती पत्र्याची पट्टी सरकवली, आतल्या चकतीला हळद-कुंकू लावलं. नुसतं वरनं लावून काय उपेग?"

तिनं पहिली फ्लॉपी संगणकात घातली. घरघर झाली. वाचता येत नाही, असं पडद्यावर उमटलं. दुसरीचंही तेच.

"मी नुसतं फूल ठेव म्हनलंवतं," टेबलाशी बसलेले भाऊसो पुटपुटले.

"कवा म्हनलास? तू ट्रॅक्टरला हार घालत बसलावतास!"

तेवढ्यात दारात हंबीरराव बूट काढताना दिसले. त्यांना कोल्हापूरची गाडी गाठायची होती. "कुठाय खेळ?" त्यांनी बसता बसता विचारलं.

पुन्हा कधी तरी या म्हणावं, तर हा माणूस पुन्हा येणार नव्हता. ती फळ्याकडं गेली. खडूनं एक चौकोन काढला, त्यात एक ठिपका.

"ही मुलगी. चारी बाजूंना ऊस. कुठं जायचं?"

"हे काय?"

"खेळ, सर. संगणकाच्या जागी मी."

ते हसले. "बरं. उजवीकडं."

तिनं चौकोन पुसला, शेजारी दुसरा काढला. "सळसळ."

"कसली?"

ती बोलली नाही.

"पुढं. अजून पुढं."

"पळालात. आवाज झाला. संपलं." तिनं फळा पुसला.

"कुणी धरलं?"

"ते दिसत नाही, सर."

हंबीररावांनी खुर्ची पुढं ओढली. दुसऱ्यांदाही ते मेले. तिसऱ्यांदाही.

"आवं, थांबा की जरा!" शालूबाई ओरडल्या. "पोरीला घिऊन पळताय कुटं?"

चौथ्यांदा ते कालव्यापर्यंत आले. "आता डावीकडं," ते म्हणाले.

आम्रपालीचा हात फळ्यावर थबकला. डावीकडं काय होतं ते तिला आठवेना. तो भाग तिनं सगळ्यात शेवटी लिहिला होता, आणि तो धुऊन गेला होता. आता हंबीररावांना कळणार, खेळ उरलेलाच नाही. खोलीत कुणी हालेना. शालूबाईंच्या हातातली वातही तशीच राहिली.

"नको," हंबीरराव एकदम हळू आवाजात म्हणाले. "डावीकडं नको. थांबतो मी."

त्यांच्या कपाळावर घाम होता. तो पाहिला आणि तिला कळलं, तिचं थबकणंही त्यांना खेळच वाटलं होतं. पुढची वाट तिनं आपल्या गावचीच काढली. बांध, विहीर, दिवा असलेलं घर.

"सुटली बाई पोर," शालूबाईंनी हात जोडले.

हंबीररावांची गाडी चुकली होती. तिनं तेव्हा ओल्या फ्लॉप्या त्यांच्यापुढं ठेवल्या. "पुण्याला या," ते म्हणाले. "पण हे सगळं पहिल्यापासून लिहावं लागेल. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली. जमेल की नाही, तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी जालिंदर आले. भाऊसोंनी त्यांना पेढा दिला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

"म्हंजी नर्सिंग न्हाई?"

"न्हाई, दादा."

त्यांनी पेढा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पुण्यात एकटी ऱ्हाशील?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. उसात थांबायची तशी ती क्षणभर थांबली, मग होकारार्थी मान हलवली.