वीतमामांची कोरडी चाकं

वीतमामांचा जगातल्या एकाही मापावर विश्वास नव्हता. दुकानदाराचा गज आखूड, पटवाऱ्याची साखळी ढिली, आणि सुताराची पट्टी तर म्हणे त्याच्या बापानंच घासून ठेवलेली. खरं माप एकच, आणि ते मामांच्या उजव्या हाताला होतं. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ताणलेली ती वीत घेऊन हा माणूस धोतर मोजायचा, दोरखंड मोजायचा, आणि एकदा तर भाचीला पाहायला आलेल्या पाहुण्यांची गाडी त्यांनी मागच्या बाजूनं मोजली. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय करून राह्यले?" मामा म्हणाले, "काही नाई. माणूस गाडीवरून समजते." सोयरीक झाली, पण त्या पाहुण्यांनी पुढं कित्येक वर्षं मामांशी धड बोलणं केलं नाही.

तसे ते माझे कोणीच नव्हते. बहिणीच्या गावी येऊन राहिले, म्हणून साऱ्या गावाचे मामा झाले. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर, आणि गावाला लागून आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा. तेव्हा मी पंचविशीतला होतो. घरात पवळ्या आणि चिमण्या असे दोन हलके, चपळ बैल होते आणि माझ्या अंगात शंकरपटाची खाज होती. पिकं निघाली की आमच्याकडं हे पट भरतात. दोन-दोन बैलजोड्या हलक्या छकड्यांना जुंपायच्या आणि शेजारी-शेजारी पळवायच्या. बैल माझ्याकडं होते, पण छकड्याला चाकं नव्हती. महायुद्ध सुरू झालेलं, लोखंड मिळेना, आणि नवी चाकं घेण्याची आमची ऐपत नव्हती. एक दिवस मामा आपणहून मळ्यात आले, बैलांभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "बैल तुहे, अक्कल माही. चाकं जुनी पाहू. पण कोणाले सांगू नोको."

कोणाला सांगायचं नाही ते काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चाकं शोधतोय हे साऱ्या गावाला दिसत होतं.

चाकाच्या बाबतीत मात्र मामांची बुद्धी वाऱ्यावर नव्हती. "मोठं चाक ढेकळावरून सुखानं जाते, पण जागचं उठाले वेळ लावते. लहान चाक उठते पटकन, पण जमिनीच्या भेगीत पडते," असं ते सांगायचे. चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आम्ही धाव म्हणतो. ती रुंद घ्यावी की अरुंद, यावर ते दोन दिवस विचार करत होते. शेवटी पटाच्या मैदानावर अनवाणी चालून आले. काळी माती वाळून दगडासारखी झालेली, तेव्हा अरुंद धाव रुतणार नाही आणि वजनही वाचेल, असं ठरलं. चाक साडेचार विती उंच, वर दोन बोटं. त्यात एक बोटही इकडं-तिकडं चालणार नव्हतं.

अशी जोडी एका जागी कुठं मिळणार? एक चाक कारंज्याला मिळालं, कापसाच्या बाजाराच्या मागं पडलेल्या एका मोडक्या दमणीचं, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीचं. दुसरं जऊळक्याच्या स्टेशनावरच्या टांगेवाल्याकडून घेतलं. विकणारे दोघंही हसून बोलत होते, आणि हसून विकणाऱ्या माणसाला मामा आधी चोर समजायचे. चाकं गावात आल्यावर त्यांनी दोन्ही धावांवर चुन्याचा एकेक ठिपका दिला आणि मारुतीच्या देवळासमोर एका रेघेवरून दोन्ही शेजारी-शेजारी ढकलत नेली. दहा फेऱ्या मोजल्या. स्टेशनवालं चाक वीतभर मागं राहिलं.

"पाह्यलं?" मामा मोठ्या आनंदानं म्हणाले. फसवणूक सापडली की त्यांना असा हुरूप यायचा.

मग ते चाक लोहाराकडं गेलं. आमचा उकर्डा लोहार म्हणजे देवमाणूस. घेरावर लाकडाची पातळ पट्टी बसवायची आणि धाव थोडी वाढवून गरम करून पुन्हा चढवायची, एवढंच काम होतं. पण मामा सकाळपासून भट्टीसमोर उकिडवे बसले ते उठायचं नावच घेईनात. आपलं लोखंड आत जाऊन दुसरंच बाहेर येईल, अशी त्यांना भीती. उकर्डा शेवटी वैतागला. "मामा, तुमी मह्या घरी जेवाले बसा, पण भट्टीपाशी बसू नोका. मले वाटते का मीच चोरी करून राह्यलो."

"तुले वाटतेच ना?" मामा म्हणाले आणि बसून राहिले.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. खरा घोळ झाला तो पाण्यावरून. आमच्याकडं पटाच्या आदल्या दिवशी सगळे आपापली चाकं नाल्याच्या डोहात बुडवून ठेवतात. उन्हानं लाकूड आक्रसतं, धाव ढिली होते. पाणी प्यायलं की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक. पण दहा गावांची चाकं एका डोहात, आणि तिथं आपली चाकं ठेवायची, ही कल्पनाच मामांना सोसेना. "आरा चिरून ठेवतीन, बदलून ठेवतीन, काय करतीन सांगता येते काय?" असं म्हणून थांबले असते तरी ठीक होतं. त्यांनी पुढचा विचार केला. "आन हे पाण्याचं कोणं काढलं, कधी इचार केला तुवं? पाणी पेलेलं चाक जड होते. ज्याच्या बैलाले जड चाक ओढता येते, त्यानंच हे काढलं. आपल्यासारख्याइले बुडवाले."

पिढ्यान् पिढ्यांची रीत, पण मामांना तिच्यातही कुणा बड्या पाटलाचा डाव दिसला.

आमची चाकं कोरडी राहणार असं ठरलं. घेर आणि धाव यांच्यामध्ये बाभळीच्या बारीक पाचरा ठोकल्या, आणि चाकं माझ्या मळ्यातल्या खोपीत ठेवली. मी एक धाव हातानं हलवून पाहिली तर ती खुळखुळली. तसं बोललो तर मामांनी माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. "हे तुले कोणं शिकवलं?"

पटाच्या आदल्या दिवशी ते पुन्हा मैदान पाहायला निघाले. जाताना माझ्या हातात जवसाच्या तेलाचं मडकं दिलं. "नुसतं तेल चोपड. खोपीजवळ कोणाले येऊ देऊ नोको." आणि थोडं थांबून, कसनुसं तोंड करून म्हणाले, "तुह्यावर टाकून जातो." त्यांच्या तोंडून हे शब्द कुणीही, कधीही ऐकलेले नव्हते. मला वाटलं, लाख रुपये मिळाले.

आणि ते दिसेनासे झाले तशी मी दोन्ही चाकं उचलून विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या टाक्यात, टाकली.

छकडा हाकणार मी होतो. दोन वर्षांपूर्वी एका पटात माझ्या डोळ्यांदेखत एकाची धाव निघाली, चाक उकललं आणि हाकणाऱ्याचा पाय दोन जागी मोडला. तो अजून काठीवर चालायचा. मला माझे पाय हवे होते. बैल दमणार नाहीत इतपतच मोट धरली, चाकं दिवसभर पाण्यात राहू दिली, दिवस कलल्यावर बाहेर काढली, पुसली, वरून थोडं तेल फासलं. उरलेलं तेल मोटेच्या चाकाला घातलं. मामा आले, बोटांनी धाव वाजवून पाहिली. ती टणटण वाजली. त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्याकडं बघवेना. "ऐकलं? याले म्हनते कोरडं चाक!"

दुसऱ्या दिवशी पवळ्या-चिमण्यांनी भल्याभल्यांना मागं टाकलं. फेटा मिळाला, पितळी घागर मिळाली. मी दोन्ही मामांच्या हातात दिली. ते रडले. मीही रडलो, पण माझं रडणं वेगळं होतं.

त्यानंतर मामांचं नाव झालं. पार पोहरादेवीकडची माणसं विचारायला यायची आणि मामा त्यांना कोरड्या चाकाचं सगळं सांगायचे. माझा जीव वर-खाली व्हायचा, कुणी ऐकलं तर? पण कुणी ऐकलं नाही. "बुढा खरी गोष्ट लपवून राह्यला," असं म्हणत सगळे घरी जाऊन आपली चाकं डोहातच टाकायचे. माझ्यावर मात्र मामांचा असा विश्वास बसला की काय सांगू. पेटीची किल्ली माझ्याकडं, बहिणीच्या घरातला वाद माझ्याकडं, वैद्याचं औषध आणलं तरी ते आधी मला दाखवणार. "गावात एक मानूस हाये," असं माझ्यादेखत म्हणायचे, आणि मी मान खाली घालून ऐकायचो. पाच वर्षं ऐकलं.

मग त्यांचा भाचा गणपत पटात उतरायला निघाला. मामा दम्यानं बाजेवर पडलेले होते. तिथूनच त्यांनी चाकं निवडून दिली, माप सांगितलं, पाचरा ठोकून घेतल्या. पटाच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी गेलो, तर गणपत चाकं गोठ्यात नेऊन कुलूप लावायच्या बेतात. धाव इतकी ढिली की चालताना वाजत होती. गणपत वीस वर्षांचा, मामांचा शब्द म्हणजे त्याला देवाचा. दुसरं कुणी मामांचं ऐकलं नव्हतं, त्यानं ऐकलं.

मी बाजेजवळ बसलो आणि सगळं सांगून टाकलं. थारोळं, मोट, सगळं.

मामा आधी हसले. "खोटं. तू असं करशीनच नाई."

"केलं मामा. तुमी देलेलं तेलही उरलं होतं. ते म्या मोटेच्या चाकाले घातलं."

त्यांचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि खरं सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "किती देले तुले?"

"कोणं, मामा?"

"तेच त विचारून राह्यलो. गणपतले हरवाले तुले किती देले?"

गणपत दारात उभा होता. त्यानं एकदा मामांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि चाकं घेऊन नाल्याकडं गेला. दुसऱ्या दिवशी तो हरला, बैलाच्या मानेएवढ्या अंतरानं. पण दोन्ही पायांवर चालत घरी आला. मामा म्हणाले, "जड चाक," आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढं दोन महिने ते होते. मी रोज जायचो. ते बोलायचे, नाही असं नाही. पाऊसपाणी, भाव, कुणाच्या घरी काय. राग म्हणून नव्हताच. दम्यानं त्यांना झोप नव्हती, दुपारी कधी तासभर डोळा लागे तेवढाच. पण मी खोलीत असलो की ते डोळे मिटायचे नाहीत. पापण्या जड व्हायच्या, मान कलायची, आणि दचकून ते पुन्हा माझ्या हातांकडं बघायला लागायचे. तेव्हा मग मी बाहेर ओट्यावरच बसायला लागलो, मामांना झोप लागावी म्हणून.