त्या बाईसाठी शिवलेली थैली

परवा घाटंजीला धाकट्या बहिणीकडे, लालीकडे गेलो होतो. चहा पिता पिता ती सहज एक गोष्ट बोलून गेली... दोन दिवस झाले, जेवणावरून मन उडालंय. म्हटलं, इथे लिहून टाकावं.

गोष्ट महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची. आमच्या बंजारा तांड्यातून आठवीला घाटंजीच्या वसतिगृहात राहायला आलेला मी पहिलाच. त्या दिवाळीआधी शाळेत निबंधस्पर्धा झाली, विषय 'माझी आई'.

आता माझी आई म्हणजे आमची याडी. घेरदार फेटिया म्हणजे घागरा, आरसे लावलेली कांचळी म्हणजे चोळी, हातात कोपरापर्यंत चुडे. बाजाराच्या दिवशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन दोन कोस चालायची, आणि मी सोबत असलो की वाटेनं लदेणीच्या गोष्टी सांगायची. आजोबा बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्या फिरस्तीच्या गोष्टी... पुढे आयुष्यभर मी जे काही लिहिलं ते त्याच वाटेवर शिकलो. हे आता म्हणतोय. तेव्हा अक्कल कुठे होती?

मी निबंधात काय लिहिलं? माझी आई नऊवारी नेसते, तुळशीला पाणी घालते, सायंकाळी जवळ बसवून शुभंकरोती म्हणून घेते, मग तूप-भात वाढते. आमच्याकडे तुळशीवृंदावन नव्हतं, आणि तूप मी पहिल्यांदा पाहिलं ते वसतिगृहाच्या एका पंगतीत. पण पुस्तकातल्या सगळ्या आया अशाच होत्या, मग आपलीच वेगळी कशी सांगायची? लाज वाटली... सरळ सांगतो, लाज वाटली.

पहिला नंबर आला. निबंध फळ्यावर लागला, आणि आमचा मिशाळ आचारी नारायणकाका महिनाभर येईल त्याला 'आमच्या पोराचा नंबर' म्हणून सांगत सुटला.

दिवाळीत घरी गेलो तर याडी म्हणाली, काय लिवलं ते वाचून दाखव. (आम्ही घरात आमची गोरबोलीच बोलायचो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून तिचं बोलणं वऱ्हाडीत लिहितोय.) ती समोर बसलेली, हाताला कापूस वेचून पडलेले ओरखडे... तिच्यासमोर 'माझी आई' म्हणून ते वाचणं जमेना. वरचं नाव गाळलं, आणि जिथे जिथे 'माझी आई' होतं तिथे 'ती' म्हणत अख्खा निबंध वाचून काढला.

याडीनं मन लावून ऐकलं. तिला वाटलं, वसतिगृहात अशी कोणी बाई आहे जी मला सांभाळते. मी नाही म्हणालो नाही.

सुट्टी संपेपर्यंत तिनं रोज दिवेलागणीपर्यंत बसून एक थैली शिवली, तिच्यावर भरतकाम केलं. लाल कापड, बारीक टाके, कडेला कवड्या. निघताना माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्या बाईले दे. माह्या लेकराले जीव लावते ते."

वसतिगृहात बाई नावाला नव्हती हो. थैली माझ्या पेटीच्या तळाशी गेली. पुढच्या सुट्टीत तिनं विचारलं, आवडली का? मी म्हणालो, खूप आवडली. मग चोळीचा खण आला, काचेच्या बांगड्या आल्या... सगळं पेटीत. मॅट्रिक होईपर्यंत दर सुट्टीत तिचा पहिला प्रश्न हाच, "ते बाई बरी हाय ना?" आणि माझं ठरलेलं उत्तर, हो, बरी आहे.

याडीला जाऊन आता किती वर्षं झाली. हे खोटं मी तिच्याजवळ कधी कबूल केलं नाही, पण निदान तिला त्याचा पत्ता नव्हता, एवढं समाधान होतं. परवा ते लालीसमोर बोललो. तर ती कप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, याडीले तर तवाच समजलं होतं."

मी नववीत असताना एका बाजाराच्या दिवशी याडी मोळी विकून, लालीला घेऊन वसतिगृहात आली होती, त्या बाईला भेटायला. मी शाळेत होतो. नारायणकाकानं सांगितलं की इथे कोणी बाई नाही, स्वयंपाक मीच करतो. आणि वर कौतुकानं हेही सांगितलं, की तुमच्या पोरानं 'माझी आई' लिहून पहिला नंबर काढलाय... त्यातली तुळस, तो तूप-भात, सगळं सांगितलं.

लाली म्हणते, मग दोघी परतीच्या वाटेला लागल्या. तांडा दिसायला लागल्यावर याडी तिला म्हणाली, "त्याले सांगू नको. शरम वाटंन त्याले."

मग मला आठवलं. नववीनंतर, निघताना ती द्यायची त्या गाठोड्यात बांगड्या, चोळ्या येणं बंद झालं होतं. त्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे, भाजलेले तीळ असायचे, मला आवडायचं ते सगळं... देताना मात्र म्हणायची तेच, त्या बाईले दे. मी ते मजेत खाऊन टाकायचो, आणि तिला फसवलं असं समजायचो.

पुढे मी मास्तर झालो, चार पुस्तकं लिहिली. लोक म्हणतात, तुमच्या कथांतल्या आया फार खऱ्या वाटतात. आता ते ऐकवत नाही.

सगळं कळूनही ती दर सुट्टीत विचारत राहिली, ते बाई बरी हाय ना... आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. मी खरं बोलावं म्हणून ती थांबायची, हे मला परवा कळलं.

थैली आत्ता समोर आहे. दोन कवड्या निखळल्यात, बाकी टाके जसेच्या तसे. याडी, तशी कोणी बाई नव्हती गं. लाडू मीच खाल्ले, आणि ते फार चांगले झाले होते... एवढं तरी तुला सांगायला हवं होतं.