दोन राउटरांची सोयरीक

"दोन्हीकडनं होकार पायजे, ताई," असं म्हणत मेजर दोन बोटं वाकवून एकमेकांत अडकवून दाखवायचे.

साताऱ्याकडे फौजेतून निवृत्त झालेला कोणीही 'मेजर'च असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आमचे मेजर फौजेच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहन दलात हवालदार होते. निवृत्तीनंतर ते आमच्या संगणक संस्थेचं सांगलीचं केंद्र सांभाळत. मी साताऱ्याच्या केंद्रात नवी, सहा महिन्यांच्या करारावर.

साताऱ्यातल्या सरांचा तास सांगलीच्या सगळ्या संगणकांवर एकाच वेळी दिसावा, असं संस्थेच्या मनात होतं. याला मल्टिकास्ट म्हणतात. मी पुस्तकातली लांबलचक व्याख्या वाचून दाखवली. मेजर म्हणाले, "म्हंजे ही दवंडी न्हाई, आवतण हाय. जो व्हय म्हनला, त्याच्याच घरी जायाचं."

मी पुस्तक मिटलं.

दोन राउटरांना एकमेकांचे 'पियर' करायचं, तर प्रत्येकात दुसऱ्याचा आकड्यांतला पत्ता लिहावा लागतो. मेजर पियरला व्याही म्हणत. "एका व्याह्यानं नाव घेतलं आन् दुसरा गप बसला, तर लगीन लागंल व्हय?"

पहिल्या तासाच्या सकाळी ते सांगलीहून फोनवर तिकडचा पत्ता सांगत होते, मी साताऱ्यात टाइप करत होते. दहाला तास. आमच्या केंद्राचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. आज जमलं नाही तर करार संपला, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

"शेवटचा आकडा एकोणऐंशी," मेजर म्हणाले.

मी इंग्रजी शाळेतली. ऐंशी म्हणजे एटी, मग हे एटी-नाइनच असणार. विचारायची लाज वाटली. मी ८९ टाकले.

व्याही बोलेनात. पडद्यावर 'डाउन'. दहाला दहा मिनिटं उरली.

"आमच्याकडनं होकार हाय. तुमी काय लिवलंय, वाचा बरं."

"एटी-नाइन," मी हळूच म्हटलं.

मेजर अगदी सहज म्हणाले, "सात टाका. टाकला? आता नऊ."

सोयरीक जमली. सांगलीत पडद्यावरच्या चिमुकल्या चौकटीत सर अडखळत हलू लागले. मुलांच्या टाळ्या मला फोनमधून ऐकू आल्या. साहेबांनी रिसीव्हर घेतला. "काय घोळ होता, मेजर?"

मेजरांचा आवाज मुळातच असा, की मलाही ऐकू आला. "चूक माजी, साहेब. फौजेत आकडा सुटा सांगायची शिस्त. मीच इसरलो."

नोकरी टिकली. त्यानंतर त्यांनी मला एकही जोड आकडा सांगितला नाही, की त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

दोन वर्षांनी ते शेती बघायला म्हसवडला निघाले. निरोपाला सगळे साताऱ्यात जमलो. मी चारचौघांत कधी बोलत नसे, त्या दिवशी मात्र उभी राहिले. "ती चूक माझी होती. मला मराठी आकडे येत नव्हते."

सगळे हसले, साहेबसुद्धा. मेजर सगळ्यांत मोठ्यानं. "व्हय? आमाला कुठं ठावं हुतं!" म्हणाले, आणि आपल्या बशीतला कंदी पेढा त्यांनी माझ्या बशीत ठेवला.